मराठीत नका इचारू

२ फेब्रुवारी, रविवार
विहारात चारचं व्याख्यान. विषय: वाचणारा माणूस वाकत नाही. सतरंजीवर नऊ जण, त्यातले दोन डुलक्या देणारे. बाहेरच्या ओसरीत अंकिताचा इंग्रजीचा वर्ग, तिथे चपला काढायलाही जागा नव्हती. मी ऐन मुद्द्यावर आलो आणि भिंतीपलीकडून सगळ्या बायकांचा एकच आवाज: आय ॲग्री. आय डिसॲग्री. माझं वाक्य मोडलं. पुढचं आठवेना.

खांबाजवळची जागा रिकामी. पंचशीला तिथे बसते. लग्न झाल्यापासून माझं भाषण जिथे असेल तिथे ती खांब शोधून बसते. वाटलं घरी पाहुणे आले असतील. संपवून बाहेर आलो तर बायको ओसरीत, तिसऱ्या ओळीत, मांडीवर वही. मी समोरून गेलो. तिने फळ्यावरची नजर काढली नाही.

३ फेब्रु.
विचारलं, हे कायले?
"कायले म्हंजे? शिकून राहिली."
संपलं उत्तर.

अंकितावर राग धरता येत नाही, हीच अडचण. तिचा बाप उत्तम रेल्वेत माझ्याच गँगमध्ये होता, सौंदडच्या लाइनवर. तो गेला तेव्हा ती नऊ वर्षांची. जयंतीच्या भाषणाला माइक पोचत नव्हता म्हणून मीच तिला स्टुलावर उभं केलं, हात कुठे ठेवायचा, श्वास कुठे घ्यायचा ते शिकवलं. पुण्याच्या कंपनीत चार वर्षं फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलून परत आली. आता तिच्यासमोर वस्ती बसते.

आणि इंग्रजी शिकलंच पाहिजे हे ओरडून कुणी सांगितलं? मीच. प्रत्येक जयंतीला. ऐकलं लोकांनी. ऐकलं तेही असं.

७ फेब्रु.
जेवताना पं. चार वेळा म्हणाली, "अंकिता म्हनते." मी म्हटलं, लाखोरीच्या वरणात मीठ कमी आहे. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "टू सम एक्स्टेंट."
म्हणजे?
"म्हंजे तुमचं म्हननं काही परमानात बराबर आहे."
मीठ दिलं नाही ते नाहीच.

माझं सगळं इंग्रजी रेल्वेचं. स्टॉप. डेड स्लो. प्रोसीड. कॉशन ऑर्डर. त्यात मत नाही, हुकूम आहे. कीमन म्हणून तीस वर्षं रोज सहा किलोमीटर रूळ तपासत चाललो, खांद्यावर हातोडा नि पाना. भाषणं तिथेच तयार केली, मोठ्याने. रूळ पुढून काही बोलत नाहीत. सवय तिथे लागली असेल.

९ फेब्रु., रवि.
आज सहा जण. पं. ओसरीत.

व्याख्यानानंतर अध्यक्ष मेश्रामभाऊ बाजूला घेऊन म्हणाले, अंकिताने अर्ज दिला आहे. ओसरीत चार वाजता पश्चिमेचं ऊन तोंडावर येतं, बायका मावत नाहीत, तर रविवारी चार ते सहा आतला हॉल वर्गाला मिळावा. तेवीस तारखेला बुद्धवंदना झाल्यावर बैठक. "तुमचं मत काय, भाऊ?"

मत काय! बावीस वर्षांपासून तो तास माझा आहे. वाचनालयाच्या कपाटातली पुस्तकं मी नागपूरहून पिशव्या भरभरून आणली. ती सतरंजी मी झाडतो. म्हटलं, बैठकीत बोलीन.

परतताना ओसरीतून हसण्याचा आवाज आला. पं. चा होता. पटकन ओळखता आला नाही. घरी ती तशी हसत नाही.

१२ फेब्रु.
वाईट काम केलं. लिहून ठेवतो.

पं. पाण्याला गेली होती. वही खाटेवर. उघडली. अंकिता घरचा अभ्यास देते: रोज एका गोष्टीवर आपलं मत लिहा. पानावर तीन रकाने. मान्य. अमान्य. थोडं मान्य. अक्षर पं. चं, गोल, दाबून लिहिलेलं. आधी मराठीत, खाली इंग्रजी.

शेजारणीने म्हैस विकली: अमान्य. नातीला हॉस्टेलला ठेवणं: थोडं मान्य, खूप रडू येते. बाजूला अंकिताची लाल खूण, शाब्बास. नातीबद्दल आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. रडू येतं हे मला कधी सांगितलं नाही. अंकिताला सांगितलं.

पुढे: 'आमच्या घरचे भाषण चांगले देतात. पहिला अर्धा तास मान्य. मग मला चुलीवरचा भात दिसते.'

आणि शेवटच्या पानावर नुसतं इंग्रजी, देवनागरीत: आय ॲम अफ्रेड आय डोन्ट ॲग्री विथ माय हजबंड.

ॲग्री समजलं. अफ्रेडवर अडलो. वही होती तशी ठेवली.

१३ फेब्रु.
सकाळी विहारातला जुना शब्दकोश काढला. अफ्रेड: भ्यालेला, भयभीत. दुसरा अर्थ नाही.

मी हिच्यावर हात उचलला नाही. दारू नाही, शिवी नाही. बायकांच्या हक्कांवर तालुक्यात माझ्याइतकं कुणी बोललं नसेल. आणि ही माझ्या घरात भिऊन राहते, नि ते लिहून त्या पोरीला दाखवते.

तसाच अंकिताकडे गेलो. अंगणात कपडे वाळत घालत होती. जयभीम काकाजी म्हणाली. म्हटलं, बायकांकडून काय लिहून घेतेस? नवऱ्याची भीती वाटते म्हणून? घराघरात भांडणं लावायची आहेत?

ती गोंधळली. कोणतं वाक्य ते विचारलं. सांगितल्यावर ओठ दाबून हसू आवरलं, ते मला दिसलं.

"काकाजी, ती भीती नाही. इंग्रजीत समोरच्याला नाही म्हणायचं असलं की आधी तसं म्हणतात. माफ करा, पण मला पटत नाही, एवढंच. नुसता शिष्टाचार आहे." मग हळूच, "पण ती वही तर काकूची आहे ना?"

परत आलो. तीस वर्षं खिळे तपासणारा माणूस मी, आणि एका शब्दावरून घसरलो. त्यातही तिच्यासमोर.

१४ फेब्रु.
शिष्टाचार तर शिष्टाचार. पण झोप नीट नव्हती. दुपारी पं. सुपात लाखोरी पाखडत होती. अंकिताने तिला सांगितलंच असणार.

"काऊन जी, माही वही वाचली तुमी?"
वाचली म्हटलं.
"मंग स्पेलिंग बराबर होते का?"

हसून निघून जावं असं दोघांनाही वाटलं असेल. मी गेलो नाही. विचारलं, तुला माझी भीती वाटते का? खरं सांग.

"अंकितानं सांगतलं ना तुमाले. ते तसंच म्हनतेत इंग्रजीत."
इंग्रजीचं नाही विचारत. तुझं विचारतो.

सूप थांबलं.
"मंग मराठीत नका इचारू जी."

का म्हणून विचारलं. तिने दोन खडे निवडून टाकले. मग म्हणाली, "मराठी तर सारी तुमचीच झाली. मी एक बोलली का तुमी धा बोलता, अन् ते धाही बराबरच असतेत. एक भाषा तरी माही राहू द्या."

उत्तर सुचलं होतं. दहा सुचली होती. एकही दिलं नाही.

१६ फेब्रु., रवि.
व्याख्यान दिलं नाही, घसा बसला असं सांगून. घसा उत्तम आहे. लाइनच्या कडेने चालत गेलो, जुन्या फाटकापर्यंत. बैठकीचं भाषण रुळांपुढे म्हणून पाहिलं. जमलं छान. रूळ गप्प होते.

नावच घेतो आता. मत्सर आहे. अंकिताच्या गर्दीचा नाही, तो असला तरी थोडा. पं. ची मतं तिच्याकडे जातात याचा. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी राहिलो आणि ती मतं आहेत हेच मला माहीत नव्हतं. एका पोरीने तीन रकाने आखले नि ती सगळी बाहेर आली.

पण तास सोडणार नाही. वाचनालय बुडालं तर वस्तीत उरतं काय? हे मी मत्सरापोटी म्हणत नाही. त्यापोटीही म्हणतो, पण हे खरंही आहे.

२३ फेब्रु., रवि.
बैठक झाली.

मी वीस मिनिटं बोललो. चांगला बोललो, खोटी नम्रता कशाला. भाषा शिका, पण ज्या भाषेत आपण जागे झालो तिला ओसरीत काढू नका, या वाक्याला टाळ्या आल्या. अंकिता दोनच मिनिटं बोलली. काकाजींचं दुःख मला कळतं, म्हणाली. दुःख! टाळ्या तिलाही आल्या.

मेश्रामभाऊंनी विचारलं, आणखी कुणाला काही? बायका एकमेकींकडे पाहत होत्या. माझ्याकडेही. खांबाजवळून पं. उठली. आज खांबाजवळ बसली होती, मला वाटलं माझ्यासाठी.

पदर सावरला. माझ्याकडे पाहिलं, अध्यक्षांकडे नाही.

"मले मान्य नाही."

एवढं म्हणून थांबली. श्वास घेतला, बरोबर तिथे, जिथे मी लोकांना शिकवतो. मग म्हणाली की बायांना सकाळी सैपाक, संध्याकाळी सैपाक, मधले चार ते सहा तेवढे मोकळे. "ह्यायचं भाषन सकारी आठले होऊ शकते. मानसं आठले रिकामेच बसून राह्यतेत." हॉल हसला. पुरुषही हसले. मेश्रामभाऊ सगळ्यांत जास्त.

ठरलं. चारला वर्ग, आठला मी.

माझ्या वीस मिनिटांत कुणी तरी खोकत होतं, कुणी मोबाइल पाहत होतं. तिच्या त्या तीन शब्दांनंतर हॉलमध्ये पंख्याचा आवाज ऐकू येत होता. असं गप्प मी कुणाला कधी केलं नाही.

घरी येताना ती दोन पावलं मागे चालते, आज बरोबरीने होती. ती म्हणाली, राग आला का? मी म्हटलं, टू सम एक्स्टेंट. उच्चार चुकला. तिने सुधारला.

२४ फेब्रु.
आत्ता लक्षात आलं. काल तिने आधी अफ्रेडबिफ्रेड काही लावलं नाही. थेट म्हणाली. आणि मराठीत म्हणाली.

१ मार्च, शनिवार
उद्या आठचं पहिलं व्याख्यान. टिपणं काढली. अर्ध्या तासात बसेल एवढंच ठेवलं, भात दिसायच्या आत. शेवटी विचारणार आहे, कुणाला मान्य नाही? हे बावीस वर्षांत विचारलं नव्हतं. कुणी काही बोललं तर पुढे काय करायचं ते ठरलेलं नाही.

सतरंजी झाडून आलो. खांबाजवळ जरा जास्त झाडली.

पं. येणार का, माहीत नाही. आठला तिचा सैपाक असतो, हे तिनेच सगळ्यांसमोर सांगितलं आहे. ये म्हणता येईल. म्हटलं तर येईलही, पण मग ते माझं म्हणणं झालं. येतेस का, असं विचारायला पाहिजे. सकाळपासून तीनदा चुलीपाशी जाऊन आलो. एकदा पाणी मागितलं, एकदा काडेपेटी, तिसऱ्यांदा काहीच नाही. ती म्हणाली, "काय जी?" मी म्हटलं, काही नाही.

एवढ्या सभा केल्या. ती नाही म्हणेल म्हणून मला जे वाटतं आहे, त्याच्या इंग्रजी शब्दाला अंकिता नुसता शिष्टाचार म्हणते.