ठोकळ्याची पाठ

बाई,

काल लेकीचा निकाल आला आणि नवऱ्याला फोन लावायच्या आधी मला तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्यामुळे फोनचा प्रश्नच नव्हता. म्हणून हे लिहायला बसले. आपल्या शाळेत चित्रकला म्हणजे पानातली कोशिंबीर, असली तर असली. पण तुमच्या तासाला कुणाची टंगळमंगळ चालायची नाही. टेबलावर तुमचे ते पांढरे लाकडी ठोकळे एकावर एक रचलेले असायचे आणि नियम एकच होता. पेन्सिलीला हात लावण्याआधी प्रत्येकीनं उठून टेबलाभोवती एक फेरी मारायची. आम्ही तिला प्रदक्षिणा म्हणायचो आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच घंटेचा आवाज काढायचं. एकदा मला उठायचा कंटाळा आला. बसल्या जागेवरून चित्र काढलं आणि ऐटीत तुमच्यापुढे धरलं. तुम्ही ते बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणालात, "ठोकळ्याला पाठ नसते का गं? का तू पाहिली नाहीस म्हणून तिनं असूच नये?" वर्ग खिदळला. लालबुंद होऊन मी उठले, मागे गेले, तर मोठ्या ठोकळ्याच्या आड एक छोटा ठोकळा उभा! "हा तुझ्या चित्रात येणार नाही," तुम्ही म्हणालात, "पण तुला ठाऊक असायलाच हवा."

शाळा सुटताना तुम्ही त्यातलाच एक मला दिलात. पाच बाजूंना पांढरा रंग, तळ मात्र कोरं लाकूड. "तळाला रंग कशाला वाया घालवायचा, तो टेबलाला टेकलेला," हे तुमचंच म्हणणं. तो ठोकळा माझ्याबरोबर नेदरलँड्सला आला. आम्ही नीउ-व्हेनेप नावाच्या गावात राहतो. मी आले ती नवऱ्याच्या मागोमाग, हाताला काम नव्हतं, भाषा तर डोक्यावरून जायची. आता इथल्या एका दुकानात लोकांची स्वयंपाकघरं आखून देते. कपाटाची कुठली बाजू दिसणार, तिला चांगलं पॅनेल लावायचं, कुठली भिंतीला टेकणार, ती तशीच सोडायची, हेच रोज मोजते. कागद उघडण्याआधी गिऱ्हाइकाच्या रिकाम्या खोलीत एक फेरी मारते. दुकानातले हसतात. हसोत बापडे, माझं पॅनेल कधी कमी पडत नाही.

आता लेकीचं सांगते. ती लायडनला शिकते आणि तिला व्हायचंय दातांची डॉक्टर. इथल्या निवडीत तिचा नंबर हुकला, मग अमेरिकेतल्या कॉलेजांची वाट उरली. त्यांच्या प्रवेशपरीक्षेत एक भाग फक्त नजरेचा असतो. स्क्रीनवर एकमेकांना चिकटवलेल्या ठोकळ्यांची रास दिसते. रास रचून झाल्यावर तिला बाहेरून रंग दिलाय, फक्त तळ सोडून, असं समजायचं आणि सांगायचं, दोन बाजू रंगलेले ठोकळे किती, तीन बाजू रंगलेले किती. बाकी सगळ्यात पोरगी हुशार, इथे मात्र दर सरावात आपटायची. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी तिनं लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, "आय ॲम डन, आई. फी परत मिळते का बघते." तिचा आवाज शांत होता, तीच पंचाईत. रडली असती तर समजूत काढता आली असती.

मी फ्रिजमधून चीज काढलं, इथल्या वाढदिवसांना कापतात तसे चौकोनी तुकडे केले आणि त्यांची रास टेबलावर रचली. मागच्या कोपऱ्यातला तुकडा दाखवून विचारलं, "याच्या किती बाजू रंगल्या?" ती म्हणाली, "वन. द टॉप." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. तिला न दिसलेल्या मागच्या आणि कडेच्या बाजू तिच्या लेखी नव्हत्याच. माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतं, बाई. "ठोकळ्याला पाठ नसते का गं? ऊठ, मागे जाऊन बघ." ती वैतागली. "आई, इट्स अ स्क्रीन! हाऊ डू आय गो बिहाइंड अ स्क्रीन?"

प्रश्न बिनतोड होता. मग म्हटलं, "चपला घाल." आमची घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लावून उभी. तिला घेऊन मी सगळ्या ओळीला फेरी मारली, पुढच्या रस्त्यानं निघून मागच्या सायकली न्यायच्या बोळातून परत. "या ओळीला रंग दिला तर आपल्या घराच्या किती बाजू रंगतील?" ती म्हणाली, "फ्रंट, बॅक, रूफ. थ्री." "आणि टोकाच्या घराच्या?" ती थांबली, तिनं वळून टोकाच्या त्या उघड्या भिंतीकडे बघितलं. "फोर." मग बोळातच उभी राहून हसायला लागली. "आय लिव्ह इन वन ऑफ दीज स्टुपिड क्यूब्स!"

पुढचं सोपं होतं. प्रत्येक प्रश्नाला रास नव्यानं मोजायची नाही, एकदाच मोजायची. मागच्या डाव्या कोपऱ्यातून निघायचं आणि एकेक ठोकळा घेत पुढे यायचं. वर ठोकळा असेल तर खाली आधाराला ठोकळा असणारच, दिसो वा न दिसो. कागदावर शून्य ते पाच आकडे मांडायचे आणि प्रत्येक ठोकळ्याच्या रंगलेल्या बाजू मोजून त्या आकड्यापुढे एक रेघ ओढायची. शेवटी रेघांची बेरीज ठोकळ्यांइतकी भरली की मगच उत्तरं द्यायची. मी तुमचा ठोकळा तिच्या टेबलावर ठेवला. ती सराव करताना डोळे मिटून मान किंचित वळवायची, तेव्हा मला कळायचं, पोरगी आत्ता मनानं मागच्या बोळात आहे.

परीक्षेला ती न्यू जर्सीला मामाकडे जाऊन आली. काल निकाल आला, आणि सगळ्यात जास्त गुण त्याच नजरेच्या भागात! प्रवेश अजून व्हायचाय, पण मी शिरा केला. जिन्यात बसून ती फोनवर मैत्रिणीला डचमध्ये काही सांगत होती, त्या मैत्रिणीलाही हीच परीक्षा द्यायची आहे. "बघत बसू नकोस," ती म्हणत होती, "आधी उठून एक फेरी मार." तुमचं वाक्य, बाई, तुम्हाला कधी न पाहिलेल्या मुलीच्या तोंडून, तुम्ही कधी न ऐकलेल्या भाषेत. हातातला झारा तसाच राहिला आणि शिरा खाली थोडा लागला.

मैत्रिणीनं बहुधा विचारलं असावं, कुणी शिकवलं. लेक म्हणाली, "माझ्या आईनं." मी पुढे होऊन तुमचं नाव सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. इतकं गोड वाटलं की म्हटलं, आजचा दिवस राहू दे माझ्याकडे.