चतुराबाईंची अट

प्रिय आई,

आधी हातातलं लाल पेन बाजूला ठेव. या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका निघणारच, कारण काल लासूर स्टेशनहून परतल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत! आणि मुकुंददादाला हे मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. का, ते कळेलच.

कै. बद्रीनाथ सांडू शिष्यवृत्ती मला मिळाली तेव्हा तू जालन्यात गल्लीभर पेढे वाटलेस, पण तिची अट मी तुला धड सांगितली नव्हती. बद्रीनाथ लासूरचे मोठे बागाईतदार. शेवटच्या आजारात डॉक्टर आपसात इंग्रजीत काय बोलतात ते त्यांना कळायचं नाही, आणि विचारायला संकोच वाटायचा. म्हणून आमच्या विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातल्या संशोधकांसाठी पैसे ठेवताना त्यांनी लिहून ठेवलं की पहिलं वर्ष संपलं की संशोधकानं लासूरला यावं आणि काय शोधलं ते साऱ्या गावाला गावाच्या भाषेत सांगावं. समजलं तर लोक हात वर करतील, मगच दुसऱ्या वर्षाचे पैसे. हात वर झाले नाहीत तर काम तिथंच बंद. माझ्या आधीचे एक महाशय याच अटीला घाबरून तिकडे फिरकलेच नाहीत म्हणे.

आता माझा विषय. तू पाहुण्यांना ‘सरू बायकांच्या आरोग्यावर काहीतरी करते’ एवढंच सांगतेस, ठाऊक आहे मला. कापूस वेचणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण उघड्या रानात आडोसा नसतो आणि बांधावर मुकादम उभा असतो. त्यानं लघवीला जळजळ होते, ताप येतो, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की मूत्रपिंडं खराब होतात. त्यांच्या लघवीचे नमुने मी वर्षभर तपासतेय. त्यासाठी झाकणाच्या छोट्या बाटल्या घ्यायला शहागंजच्या बाजारात गेले तर दुकानदार म्हणाला, “आपा, इत्तर का धंदा शुरू करे क्या?” मी हो म्हणून टाकलं.

तर काल. बाजार समितीची शेड खच्चून भरलेली. पुढं खुर्च्यांवर पुरुष, मागं सतरंजीवर बायका, आणि बायकांच्या पुढ्यात बद्रीनाथांच्या पत्नी चतुराबाई, मांडी घालून. मी उभी राहिले आणि पुरुषांकडे बघून माझी बोबडीच वळली. तुझीच लेक ना मी! ‘मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग’ असलं काहीबाही तोंडातून निघायला लागलं. एक आजोबा चक्क डुलक्या घेऊ लागले. संपलं, गेली शिष्यवृत्ती, असं वाटलं. तेवढ्यात चतुराबाई कडाडल्या, “अगं पोरी, लघवी म्हणायचं तर लघवी म्हण की! समदेच करत्यात. जो करत नाय त्यानं उठून सांगावं.” शेडभर हशा. त्या हशात माझी भीड जी गेली ती गेलीच. मग मी सगळं सांगितलं, अगदी तुला चहा घेताना सांगावं तसं.

माझं संपतं न संपतं तोच मागून द्वारकाबाई म्हणून एक बाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “ह्ये खरं हाय. दिस उगवायच्या आधी जायचं, नाय तर मंग दिस बुडाल्यावर. मधी तहान लागली तर नुसती चूळ भरायची. लई आग व्हती, पण सांगावं कुनाला?” पुढच्या रांगेतले मुकादम खाली बघत बसले. मागून एकेक बाई ‘व्हय, व्हय’ म्हणू लागली. आई, मला तिथंच रडू आलं.

आता हात वर होणार म्हणून मी बघतेय, तर चतुराबाईंनी थांबवलं. “समजलं समद्यांना,” म्हणाल्या, “पर एक इचारते. तुझ्या आईचं तपासलंस का?” मी हसले. म्हटलं, आमची आई कापूस नाही वेचत, ती शाळेत शिकवायची. “मंग त्या शाळंत बाईमानसाला जागा व्हती का?”

आणि मला एकदम आठवलं. तू शाळेतून यायचीस ती पर्स दारातच टाकून तडक मागच्या दारी. मी आणि दादा ‘आईची गाडी सुटली’ म्हणून हसायचो. डब्याबरोबर नेलेला फिरकीचा तांब्या भरलेलाच परत यायचा. ते सगळं मी भर शेडमध्ये सांगून टाकलं, पुरुषांसमोर. रागावशील, माहीत आहे. पण त्यानंतर बायका माझ्याकडे ज्या नजरेनं बघू लागल्या, तसं वर्षभरात कुणी बघितलं नव्हतं.

म्हणून हे पत्र. चतुराबाईंनी सुनावलंय, “तुझी माय हितं येऊन आमच्यात बसल, तिची बाटली आमच्या बाटल्यांसंगं जाईल, तवाच हात वर.” बाकीच्या बायांनीही त्यांचीच री ओढली, आणि मी तुला न विचारता हो म्हणून आले. येत्या बाजाराच्या दिवशी सकाळची पॅसेंजर धर, जालन्याहून थेट लासूरला येते. मी फलाटावर उभी असेन. घोट्यावरची सूज तू साडीच्या काठाखाली लपवतेस, ती मी दिवाळीत पाहिली आहे. तशा सुजेच्या बायकांचे रिपोर्ट मी वर्षभर वाचतेय, त्यामुळे तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. एकटीनं विचारलं असतं तर तू विषय बदलला असतास, म्हणून अख्खं गाव मध्ये घातलंय. हात वर होवोत न होवोत, शिष्यवृत्ती राहो की जावो, तू मात्र ये. मला तू अजून पुष्कळ वर्षं हवी आहेस.

तुझीच,
सरू