न प्यालेली दारू

३ फेब्रुवारी
बाबांचं लिव्हर चरबीने भरलंय. नुसतं भरलं नाही, घट्ट व्हायला लागलंय — खरी काळजी त्याचीच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वय सदुसष्ट, त्यात डायबिटीस. या वयात हे जिवावर बेततं."
बाबा ताडकन म्हणाले, "मी आयुष्यात थेंब घेतला नाही!"
"न पिणाऱ्यांनाही होतं, काका. खाण्याने, बसून राहण्याने."
बाबांनी ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. उभी हयात बस डेपोत गेली. पगाराच्या दिवशी बाकीचे बाटलीकडे आणि हे सरळ घरी. तेवढा एकच रुबाब होता त्यांचा!

४ फेब्रुवारी
काकाला कळलं. तो रोज पिऊन येतो, आजही आला. "काय दादा, छुपा रुस्तम निघालास!" बाबा हसले नाहीत. आईच म्हणाली, "भावजी, स्वतःवरून जग ओळखू नका."

९ फेब्रुवारी
आज माझं तोंड सुटलं. आईने पुन्हा तळण काढलं होतं, वर बाबांच्या चहात साखर. "एवढ्याने काय होतंय! कष्टाचं शरीर आहे." मी रिपोर्ट ओट्यावर आपटला. म्हटलं, "तूच भरलंस हे त्यांच्या पोटात! चाळीस वर्षं!"
तिला वाचता येत नाही. कागदाकडे बघत राहिली. मग गॅस बंद केला.
घरातली पहिली शिकलेली मी. शिकून हे बोलले.

१ मार्च
आई धड जेवत नाही. वाढते आणि उठून जाते. मी माफी मागितली, समजावलं — वय असतं, डायबिटीस असतो, कितीतरी कारणं असतात. "खरं तेच बोललीस तू," म्हणाली. "माझ्याच हाताने घातलं मी." कपडे लोंबायला लागलेत तिच्या अंगावर.

२ मार्च
बाबांनी काकादेखत सांगून टाकलं — "मी प्यायचो. डेपोत. चोरून."
काकाने टाळीसाठी हात पुढे केला. आई मात्र... असल्या शिव्या तिच्या तोंडून मी कधी ऐकल्या नव्हत्या! मग ताट घेऊन बसली आणि रागारागाने जेवली.
नंतर बाबांना जिन्यात गाठलं. खोटं कशाला?
"स्वतःला खात बसली होती. आता मला खाऊ दे," म्हणाले. "आणि तुझा तो खरेपणा जरा बाजूला ठेव."

१७ एप्रिल
बाबा पथ्य पाळतात, चालायला जातात. उशीर झालाय — डॉक्टरीणबाई तोंडाने म्हणत नाहीत एवढंच. आई त्यांच्याशी बोलत नाही. ताट सरकवते.

११ जुलै
रक्ताची उलटी. हॉस्पिटल. आई खाटेपासून लांब खुर्ची ओढून बसलीय. बाबा तिच्याकडे बघतात, ती भिंतीकडे. सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. बाबांनी डोळे वटारले! तेवढी ताकद होती.

१४ जुलै
बाबा गेले. ती भिंतीकडेच बघत होती.

१६ जुलै
काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतोय, "शेवटी दारूच नडली आमच्या दादाला." त्याच्या तोंडाला वास! मी पाण्याचे ग्लास फिरवत राहिले.

२ ऑगस्ट
जेवायला बसताना आईने विचारलं, "तू शिकलेली. तू खोटं बोलत नाहीस. ते खरंच प्यायचे ना गं?"
"हो."
तिने ताट पुढे ओढलं.