स्पर्धक क्रमांक २१४ त्या दिवशी घरी नव्हत्या, याबाबत

प्रति,
मा. निकाल अधिकारी,
डोंगरधाव स्पर्धा समिती,
क्रीडा कार्यालय, दुसरा मजला.

विषय: स्पर्धक क्र. २१४ यांना 'वाहनाचा वापर' व 'स्वगृही विश्रांती' या कारणांवरून बाद ठरवल्याच्या निर्णयाचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ: आपले पत्र व त्यासोबतचा नकाशा (रंगीत).

महोदय,

१. मी खाली सही करणार लॉन्ड्रीचालक असून स्पर्धक क्र. २१४ या माझ्या पत्नी आहेत. घरी मी त्यांना एकेरीत हाक मारतो. तथापि हा अर्ज कार्यालयीन असल्याने, आणि सध्या घरातही जपूनच बोलावे लागत असल्याने, येथे त्यांचा उल्लेख 'सौ.' असा केला आहे. सौ. गेली कित्येक वर्षे आमच्या दुकानात इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या असतात. दोन वर्षांपूर्वी त्या एकाएकी पहाटे उठून धावू लागल्या. कारण विचारले असता, "उभं राहून कंटाळा आला," एवढाच खुलासा मिळाला.

२. आपल्या समितीने प्रत्येक स्पर्धकास काडेपेटीएवढे एक उपकरण दिले होते. ते ज्याच्याजवळ असेल तो माणूस कुठे आहे, हे इंटरनेटवरील नकाशावर ठिपक्याच्या रूपाने दिसते. सौ.नी ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवले. सौ.च्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या मेव्हण्याने, सदर नकाशा दुकानातल्या टीव्हीवर लावून दिला. मातोश्री खुर्ची घेऊन टीव्हीसमोर बसल्या. केशरी ठिपका मुंगीच्या चालीने डोंगर चढत होता आणि मातोश्री पापणीही न लववता बघत होत्या. सुनेकडे इतका वेळ एकटक बघण्याची त्यांची ही पहिलीच खेप.

३. येथवर सर्व सुरळीत होते. मग आपल्या स्वयंसेवकांनी तिसऱ्या चौकीवरचे फोटो नकाशाशेजारी टाकले. त्यात सौ. दिसल्या. जॅकेट कोपरापर्यंत चिखलाने भरलेले, आणि पाठीवर आमच्या लॉन्ड्रीचे नाव व त्याखाली 'डाग म्हणून दिसणार नाही' ही अक्षरे. त्यातली 'दिसणार' एवढीच वाचता येत होती. महोदय, आपण आमच्या धंद्यात नाही म्हणून सांगतो, ही दुकानाची उलटी जाहिरात झाली. मी कपाटातून दुसरे जॅकेट काढले, कडक इस्त्री मारली, हँगरला लावले आणि दुकानाची व्हॅन काढून निघालो. सौ. कोणत्या वळणावर कधी येतील हे आपला नकाशाच मला मोबाइलवर सांगत होता. म्हणजे पुढील प्रकारात समितीच्या यंत्रणेचाही हातभार आहे, याची कृपया नोंद व्हावी.

४. मार्ग जिथे डांबरी रस्ता ओलांडतो तिथे मी हँगर धरून उभा राहिलो. सौ. आल्या. मी त्यांना थांबवून मळके जॅकेट उतरवून घेतले व स्वच्छ चढवले. त्या फक्त "आत्ता?" असे म्हणाल्या. पुढे बोलण्याइतका दम त्यांना नव्हता आणि मी तो मिळू दिला नाही. कॉलर नीट केली व त्यांना पुढे धाडले. गिऱ्हाइकाच्या कपड्यांचे खिसे आम्ही दोनदा तपासतो. घरच्या कपड्यांचे तपासत नाही. घरच्यांच्या खिशात काय असणार, असे वाटते.

५. येथून पुढे ठिपका माझ्या व्हॅनमध्ये होता, हे मला ठाऊक नव्हते. दुकानात जमलेल्या मंडळींनाही नव्हते. त्यांनी पाहिले ते एवढेच, की सौ.नी अचानक वेग पकडला आणि पहिल्या क्रमांकाच्या धावपटूलाही मागे टाकले. मेव्हणा टीव्हीसमोर नाचला. शेजारच्या चष्मेवाल्याने दुकान बंद करून पेढे नव्हेत तरी बिस्किटांचे पुडे आणले. पुढे ठिपका डोंगर सोडून पेट्रोल पंपावर थांबला, तेव्हा सौ. पाणी प्यायला थांबल्या असे ठरले. सिग्नलला थांबला, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "एवढ्या घाईतसुद्धा नियम पाळते हो." मग ठिपका आमच्याच गल्लीत वळला आणि दुकानात शिरला. त्याच क्षणी दारातून मी आत आलो.

६. सगळ्यांनी माझ्या मागे पाहिले. मग मला विचारले, "ती कुठंय?" मी म्हणालो, डोंगरावर. यावर कुणाचाही विश्वास बसला नाही, कारण टीव्हीवर सौ. दुकानात होत्या. त्यांनी पडद्यामागे पाहिले, माळा पाहिला, मळक्या चादरींची टोपली उपसली. मातोश्रींचे म्हणणे असे, की ज्या नकाशाला आपल्या गल्लीतला नळ ठाऊक आहे तो सुनेबद्दल खोटे कशाला सांगेल. या गोंधळात मी जॅकेट मशीनमध्ये टाकून बटण दाबले.

७. ठिपका आता एकाच जागी थरथरू लागला. हे पाहून आपल्या समितीने 'स्पर्धक भरकटला असून जागच्या जागी फिरत आहे' असा निष्कर्ष काढला व बचाव पथक पाठवले. दोर, शिट्ट्या व स्ट्रेचर घेऊन तगडी माणसे लॉन्ड्रीत आली. मोबाइल समोर धरून ती पावलापावलाने पुढे सरकली आणि मशीनपाशी थांबली. मशीनचे दार धुलाई पूर्ण झाल्याखेरीज उघडत नाही. हे कंपनीचे धोरण असून त्यात माझा दोष नाही. पथक स्ट्रेचर धरून मशीनभोवती तसेच उभे राहिले. त्यांच्यातल्या एकाचा सूट आमच्याकडे तयार होता, तो त्याने तेवढ्यात पावती दाखवून नेला.

८. त्याच सुमारास सौ.नी स्पर्धा पूर्ण केली. महोदय, या परिच्छेदाकडे विशेष लक्ष द्यावे. शेवटच्या चढावर त्या दोनदा पडल्या, अंगठ्याचे नख गेले, तरी धावत आल्या. अंतिम रेषेवरच्या टेबलाशी बसलेल्या आपल्या कर्मचाऱ्याने त्यांचा क्रमांक पाहिला, संगणक पाहिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही इथं नाही. तुम्ही घरी आहात." सौ. म्हणाल्या, "अहो, मी तुमच्यासमोर उभी आहे." त्याने पडदा वळवून दाखवला. केशरी ठिपका आमच्या दुकानात होता. सौ. पदक न घेता, बसचे तिकीट काढून परत आल्या. मला वाटले होते भांडण होईल. त्या नुसत्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढा डोंगर चढून गेले, आणि मी घरीच." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. जन्मात एक दिवस ती घराबाहेर स्वतःसाठी गेली, आणि मी तिला कॉलरला धरून परत आणून मशीनमध्ये घातली. (वरील ओळींत एकेरी आले आहे. क्षमस्व, खोडत नाही.)

९. निकालाच्या पानावर तो ठिपका अजूनही आमच्या मशीनवर आहे. शाळेतून सुटलेली मुले मोबाइल घेऊन बघायला येतात. मातोश्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "सूनबाई दिवसभर घरीच होती, मी स्वतः टीव्हीवर पाहिली." सौ. समोर इस्त्री करत असतात. ती इतकी जोरात आपटतात, की कालपासून गिऱ्हाइके कपडे घरीच झटकून घालू लागली आहेत.

१०. तरी विनंती की, सौ. स्वतःच्या पायांनी धावत आल्या हे ग्राह्य धरून त्यांचा निकाल नोंदवावा. अंतिम रेषेवर त्यांना सरबत देणाऱ्या बाईंनी तसे लिहून दिले आहे. आपल्या पत्रानुसार, ज्याने वाहन वापरले, मार्ग सोडला व जो घरी जाऊन बसला, अशा इसमास बाद करणे नियमाने अनिवार्य आहे. नियम मला मान्य आहे. वाहन मी वापरले. मार्ग मी सोडला. घरी मी गेलो. परंतु मी स्पर्धकच नसल्याने मला बाद करता येत नाही, असे आपल्या कार्यालयातील लिपिकांनी तोंडी सांगितले. म्हणून पुढील वर्षीच्या स्पर्धेसाठीचा माझा प्रवेश अर्ज रीतसर भरून सोबत जोडत आहे. तो स्वीकारून मला क्रमांक द्यावा, आणि त्याच दिवशी मला बाद करून बाद यादीतली सौ.ची जागा मोकळी करावी.

बाद होण्याची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
लॉन्ड्रीचालक,
स्पर्धक क्र. २१४ यांचे पती

दिनांक: स्पर्धेनंतरचा दुसरा सोमवार

सोबत:
(अ) सरबतवाल्या बाईंचे निवेदन.
(आ) अर्जदाराचा प्रवेश अर्ज.
(इ) अर्जदार दुकानाचा जिनाही न थांबता चढू शकत नाही, सबब चुकून स्पर्धा पूर्ण करण्याची भीती नाही, असा डॉक्टरांचा दाखला.