पिवळी काडतुसं

विलो रिज, मिझुरी
२ मार्च २०१८

चि. ट्रेसास, मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, एक खांदा सोडून. ऑपरेशनचे टाके निघाले, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की बारा बोरचा धक्का या हाडाला आता सोसायचा नाही. पंचेचाळीस वसंत ओकच्या बुंध्याला पाठ लावून रानटी टर्की पक्ष्यांची वाट पाहिली, यंदा पोर्चवर कॉफी पीत नुसतं त्यांचं ओरडणं ऐकेन. तुझी मामी गेली, आता शिकारही गेली. फार वाईट वाटतंय गं. बंदूक तू घेऊन जा.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
हार्लनमामा

९ मार्च

ती. हार्लनमामास, ट्रेसाचा वाकून नमस्कार.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. कपाटात व्हर्लीनमामीची बारीक नळीची वीस बोर आहे ना? तिचा धक्का कितीतरी कमी. जन्मभर तिला ‘कोंबड्यांची बंदूक’ म्हणून हिणवलंस, म्हणून आता हात लावायला लाज वाटते, होय ना? भिंतीकडे बघ जरा. झाडलेल्या काडतुसात टर्कीच्या छातीवरच्या दाढीसारख्या केसांचा झुपका खोचून तुम्ही दोघांनी रांगा लावल्यात. तुझी बारा बोरची लाल तेवीस, तिची वीस बोरची पिवळी बावीस. तू म्हणायचास, पिवळी धरायचीच नाहीत!

छर्रे मात्र तुझे पाच नंबर नकोत. वीस बोरात माल कमी मावतो, तेव्हा सहा नंबर घाल. बारीक, पण संख्येने जास्त. चाळीस पावलांचा हट्टही सोड, तीसच बरी. कागदी ताटलीवर टर्कीचं डोकं काढ आणि आधी बार करून बघ. एप्रिलात हंगाम सुरू होईल त्या दिवशी मला सुट्टी नाही, त्या आठवड्यातल्या शनिवारी येते.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
ट्रेसा

२० मार्च

चि. ट्रेसास, आशीर्वाद, जरा घुश्श्यातच.

मामाला अक्कल शिकवतेस! तुझ्या मामीच्या बंदुकीत मुद्दाम पाच नंबर घातले, चाळीस पावलांवर. ताटलीतल्या डोक्यात तीन छर्रे. टर्की हसत हसत घरी गेला असता. मग तिची पेटी उघडली, तर सगळी काडतुसं सहाचीच. बाईला सगळं ठाऊक होतं, मीच कधी विचारलं नाही. तीस पावलांवरून मोजून चौदा लागले. खांदा कुरकुरलासुद्धा नाही.

शहाणपण कमी कर, प्रेम वाढव.
हार्लनमामा

१६ एप्रिल

चि. ट्रेसास, मामाचे आशीर्वाद, आज मनापासून.

शनिवारपर्यंत दम निघाला नाही. उजाडताच एक थोराड नर आला आणि चाळीस पावलांवर अडून बसला. बारा बोर असती तर तिथेच उडवला असता. मी आपला गप्प, मुंग्या चावल्या तरी हललो नाही. शेवटी तिसावर येऊन त्याने मान वर केली. एकच बार.

झुपका पिवळ्या काडतुसात खोचला. हात सवयीने माझ्या रांगेकडे गेला, पण लावला तिच्या रांगेत. बंदूक तिची, छर्रे तिचे, अक्कलही तिचीच. तेवीस-तेवीस झाले. मग खुर्चीत बसून ढसाढसा रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

शनिवारी मांस तळून ठेवतो, ये. जाताना बारा बोर तेवढी घेऊन जा. पुढच्या वसंतात मला तिच्याकडून हरायचंय.

तुझा,
हार्लनमामा