पायाशी पानं असलेले खांब

आबा,

आम्ही आता कुवेत सोडतोय. तुमच्या जावयांची नोकरी संपली आणि इथे राहायचा परवाना, इकामा, उन्हाळ्यापर्यंतच आहे. घरभर खोकी पडली आहेत आणि रोज कोणीतरी येऊन काहीतरी घेऊन जातं, कधी कपाट, कधी शिलाईमशीन, कधी गॅलरीतल्या कुंड्या. आलेली प्रत्येक बाई विचारते, इतकी वर्षं राहिलात, काही बघायचं राहिलंय का? मी हसून म्हणते, नाही हो. पण राहिलं होतं. तुमचे ते खांब बघायचे राहिले होते. ते खरोखर आहेत, की तुमच्या मिरकाबच्या खोलीत शुक्रवारच्या जेवणावर रंगवलेली ती नुसती गोष्ट होती, हे जाण्याआधी मला कळायला हवं होतं. ते जिथे होते त्या बनेद अल-गारमधली जुनी घरं एकेक करून पडतायत आणि तिथे काचेचे टॉवर उभे राहतायत. उशीर झाला असेल, असंच मी धरून चालले होते.

मी नवी नवरी म्हणून इथे आले तेव्हा तुम्ही इथेच होतात, हे केवढं भाग्य माझं. इतर मुली सासरी जाताना बापाला मागे सोडतात, मी सासरी आले ती बापाजवळ. दर शुक्रवारी आम्ही बसने मिरकाबला यायचो. एका खोलीत तुम्ही पाच-सहा जण, सगळे आपल्याच खाडीच्या दोन्ही काठांवरचे, आणि मागे ते अरुंद स्वयंपाकघर. आत्ताही डोळे मिटले की तुम्ही चौकडीच्या लुंगीत शेगडीपुढे उभे आहात, तव्यावर सुके बांगडे तडतडतायत, आणि तुमच्या हातांवरच्या केसांत जिप्समची पांढरी पूड अडकलेली आहे. आंघोळ करूनही ती जात नसे. मी मदतीला पुढे आले की म्हणायचात, "सर गो बाय, साडीला वास लागंल." निघताना खुबूसच्या गरम रोटीत गावाहून आलेला गूळ आणि तूप घालून तुम्ही तिची घडी करायचात आणि कागदात गुंडाळून माझ्या पर्समध्ये कोंबायचात. "बसमधी खा. जावयांना दिलंस तर दे, नाय तर नको." जावई शेजारीच उभे असायचे.

खांबांची गोष्ट सांगायचे ते पलीकडच्या वाडीतले सुतारकाका, आणि ती नेहमी तुमच्या देखतच. तुम्ही इथे नवीन होतात तेव्हाची. बनेद अल-गारमध्ये समुद्राजवळ एका घराचं काम चाललेलं. अम्गराच्या कारखान्यातून ट्रक भरून खांबांवर चढवायची नक्षीदार टरफलं आली. आतला खरा खांब सिमेंट-लोखंडाचा, त्याला दोन बाजूंनी ही अर्धी-अर्धी टरफलं चिकटवायची. उभ्या रेघांची सरळ टरफलं कुठे जायची हे उघड होतं. पण पानापानांची, वरच्या बाजूला फुलत गेलेली जी होती ती कुठे लावायची, हे सांगायला इंजिनियर त्या दिवशी आलाच नाही. तुम्ही ती हातात फिरवून फिरवून पाहिलीत. आपल्याकडे देवीच्या पायाखाली कमळ असतं, तुळशीवृंदावनाच्या तळाशी पाकळ्या असतात. पानंफुलं जमिनीतून वर येतात, हे तर पोरालाही कळतं. तुम्ही ती खांबांच्या पायाशी बसवलीत. सांधे भरून, घासून इतकी सुबक, की संध्याकाळी इंजिनियर आला तो आधी खूशच झाला. मग त्याने मान वर केली. "ताज! ताज!" ओरडत तो स्वतःच्याच डोक्यावर थापा मारायला लागला. ती पानं म्हणजे खांबाचा मुकुट होता, हे तुम्हाला असं कळलं.

सगळं फोडून काढायचं ठरलं. तुम्हालाही परत पाठवणार, हे ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात घरमालकाची आई काठी टेकत आली, वाकून पानांवरून हात फिरवला आणि हसत सुटली. "खल्ली, खल्ली," म्हणाली. असू दे, असू दे. खांबही तसेच राहिले आणि तुम्हीही राहिलात. गोष्ट इथवर आली की सुतारकाका ताटावर बोट आपटून म्हणायचे, "ह्येच्या घरात पागोटं पायात नि वहाणा डोक्यावर!" आणि तुम्ही आतून उलथणं वर करून उत्तर द्यायचात, "ह्यो बांगडा पन उलटाच करतूय. खायचा हाय का नाय?" मी कितीदा म्हटलं, आबा, दाखवा ना ते घर. "कशाला? बापाची अब्रू बगायला?" समुद्राकडे फिरायला निघालो तरी तुम्ही लांबचा रस्ता धरायचात.

माझ्या मनात मात्र त्या खांबांचं वेगळंच होतं, आणि त्याला कारण शाळेत आम्हाला इतिहास शिकवणारी सिस्टर. पुढे मीही इथे शाळेत शिकवलं, पण तिच्यासारखं मला कधी जमलं नाही. एका दुपारी तिने फळ्यावर खडूने तसाच पानांचा मुकुट काढला आणि म्हणाली, आता ऐका. ग्रीस देशात एक मुलगी लग्नाआधीच वारली. तिच्या दाईने तिच्या आवडीच्या चिमुकल्या वस्तू एका परडीत भरल्या, परडी तिच्या थडग्यावर ठेवली आणि वर एक कौल झाकलं. वसंतात परडीखालच्या मुळाला पालवी फुटली. पानं परडीला वेढत वर आली आणि कौलाला अडून बाहेर वळली. तिथून जाणाऱ्या एका पाथरवटाने ते पाहिलं आणि दगडात कोरलं. मागच्या बाकावर कोणीतरी मुसमुसत होतं. सिस्टर म्हणाली, "रडू नका. त्या दाईची परडी अजून सुकलेली नाही."

ही गोष्ट मी तुम्हाला त्या स्वयंपाकघरात सांगितली, जरा तोऱ्यातच. "आबा, तुम्ही करता ते ग्रीकांचं आहे, ठाऊक आहे का?" तोवर तुम्ही अम्गरात साचे बनवायला लागला होतात. न वळताच म्हणालात, "आसंल. साचा माजा हाय." मग मी परडीचं सांगितलं. उलथणं हातात धरून तुम्ही तसेच उभे. मी गोष्टीत कौलापर्यंत आले तेव्हा एवढंच विचारलंत, "कौल आपल्यासारकंच?" म्हटलं, तसंच असेल. बांगडा करपायला लागला. आणि एकदम तुम्ही खोलीकडे तोंड करून गरजलात, "ओ सुतार! आयकलंत काय? पोरीची परडी जमिनीवर व्हती! मंग माजं चुकलं कुटं?" खोलीत असा हशा पिकला की शेजारचे केरळी दार वाजवून बघून गेले. सुतारकाका म्हणाले, "झालं! आता ह्यो ग्रीकांना शिकवनार!" तुम्ही हसत होतात, पण त्या दिवशी निघताना खुबूसची घडी माझ्या हातात देऊन तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि तो लवकर काढला नाहीत. पुढच्या वेळी घर दाखवतो, म्हणालात. पुढच्या वेळेआधीच तुम्ही गावी गेलात, ते परत आलाच नाहीत.

आबा, तुमचे ते ग्रीक आता कुठे नाहीत? इथे दाताच्या दवाखान्याला त्यांचे खांब, लग्नाच्या हॉलला त्यांचे खांब, कोपऱ्यावरच्या केकवाल्याकडेसुद्धा दोन. तुमच्या नातवाच्या शाळेत खेळांच्या दिवशी मशाल पेटवतात आणि पहिल्या आलेल्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकच्या पानांचं कडं चढवतात. त्यांच्यामागून आलेल्या रोमच्या दोन सत्ताधीशांची नावं जुलै-ऑगस्टला दिली आहेत, आणि त्यांच्या नावाने आम्ही इथे उकडून निघतो. इथल्या फैलका बेटावर तर ग्रीकांच्या देवळाचे दगडच सापडलेत. त्यांचे सैनिक तिथे तळ ठोकून होते म्हणे, घरापासून लांब. म्हणजे तेही तुमच्यासारखे, बायकामुलं गावी ठेवून आलेले बॅचलरच. त्यांच्यातही सुट्टीच्या दिवशी कोणी मासे तळत असेल, आणि कोणाच्या तरी चुकीवर सगळी खोली हसत असेल.

तर गेले काही शुक्रवार मी आणि तुमची नात बनेद अल-गारच्या गल्ल्या पालथ्या घालतोय. ती गाडी चालवते, मी खिडकीतून खांबांचे पाय बघते. "मम्मा, धिस इज सो एम्बॅरसिंग." तिला आपली भाषा सगळी कळते, उत्तर तेवढं इंग्रजीत येतं. आज सकाळी एका इमारतीच्या राखणदाराने आम्हाला थांबवलं. त्याला वाटलं, आम्हाला घर भाड्याने हवंय. माझं अरबी भाजीबाजारापुरतं. मी हाताच्या ओंजळीची पानं केली, डोक्याशी नेली, नाही नाही म्हणून मान हलवली, आणि वाकून पायाशी धरली. नात स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. तो इजिप्तचा माणूस क्षणभर बघत राहिला आणि खो खो हसला. "बेत मक्लूब!" उलटं घर! आणि त्याने पुढच्या वळणाकडे बोट दाखवलं.

आबा, आहेत. दोन टॉवरच्या मधे एक बसकं घर, आणि दारात तुमचे दोन खांब, कुंडीतून उगवल्यासारखे. रंगाचे थर चढून चढून पानांच्या कडा मऊ झाल्यात. एका खांबाच्या सावलीत मांजर झोपलेलं. मी नुसती बघत उभी राहिले. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई गाडीची किल्ली घेऊन बाहेर आली. मी इंग्रजीत एवढंच म्हणू शकले, "हे माझ्या वडिलांनी लावले होते." तिने किल्ली पर्समध्ये परत टाकली. "तो हिंदी?" म्हणाली, म्हणजे हिंदुस्थानी. "माझी आजी शेवटपर्यंत त्याची आठवण काढायची." तिने सांगितलं, दुरुस्तीच्या वेळी कंत्राटदार म्हणाला, हे सरळ करून देतो. तेव्हा तिची आई म्हणाली, मग पाहुण्यांना घर कसं सापडेल? आणि आजी अंगण धुताना मुद्दाम या पानांवर पाण्याची नळी धरायची. म्हणायची, त्या माणसाला कळलं होतं, पानं पाणी पोचेल तिथे हवीत.

हे ऐकताना तुमची नात कधी खाली बसली, मला कळलं नाही. एका पानावरून बोट फिरवत तिने विचारलं, "आजोबांनी केलं हे? स्वतःच्या हातांनी?" मराठीत. मी हो म्हणाले. मग ती दुसऱ्या खांबाकडे गेली, तोही हात लावून बघायला.

घरी आल्यापासून खोक्यांच्या मधे बसून हे लिहितेय. पाठवायचं कुठे? तुमची राख आपल्या खाडीत सोडली. तुमच्यासाठी परडी ठेवावी अशी जागाच तुम्ही मागे ठेवली नाहीत, असं मला इतकी वर्षं वाटायचं. आज निघताना मी पर्समधली खुबूसची घडी काढली. शुक्रवारी मी अजून ती करते, गूळतूप घालून. तिचा एक तुकडा खालच्या दोन पानांच्या बेचक्यात ठेवला. नातीने विचारलं, तर म्हटलं, मांजरासाठी. मांजर गूळ खात नाही, हे मला माहीत आहे.