एकेचाळीस दगडांना पॉलिश

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा दोन्ही हात जोडून, वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? आणि मोठ्या मशीनची घरघर गेली का? (तुम्ही स्वतः विचारताना मशीन आधी घेता हे मला ठाऊक आहे, पण पत्रात माणसे आधी येतात असे शाळेत शिकवले होते.) माझी तब्येत उत्तम आहे. झोप जरा कमी आहे, ती काळजीमुळे, आणि काळजी कशाची ते खाली लिहितो.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, "एक वर्ष देतो. दगडाबद्दल माझ्यापेक्षा जास्त काही शिकलास तर पुढचं बघू, नाहीतर गुपचूप मशीनवर यायचं." ते वर्ष या महिनाअखेर पुरे होते. मी भूशास्त्राच्या वर्गात सर्वांत मोठा आहे. बाकीची मुले शाळेतून सरळ आलेली, आणि मी सहा वर्षे तुमच्याकडे फरश्या घासून, बारावी बाहेरून देऊन आलेला. मला ते 'आजोबा' म्हणतात. सुरुवातीला वाईट वाटायचे. मग कळले की आमच्या विषयात कोटी वर्षांखाली कुणी कुणाला म्हातारे समजत नाही. असो. पुढील हकीकत दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जाण्याआधी मीच लिहितो, कारण सांगणारे तिखटमीठ लावतात आणि या प्रकरणाला त्याची गरज नाही.

आमच्या सरांनी तीन वर्षे खपून एका उंच कड्यावरून खडकाचे तुकडे जमवले होते. गाळाचे खडक, थरावर थर बसलेले. सर पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोर बांधून चढले आणि प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्याला लागून, त्याच्या बरोबर वरचा घेतला. असे एकूण एकेचाळीस. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यात क्रमांक आणि वरची बाजू कोणती ते दाखवणारा बाण. आमच्यात याला फार महत्त्व असते. क्रमांक गेलेला खडक म्हणजे पत्ता पुसलेले पाकीट, आत काहीही असो, कामाचे नाही. (हे वाक्य मी नंतर शिकलो. आधी शिकलो असतो तर हे पत्र एका पानात आटोपले असते.)

गेल्या महिन्यात सर दोन दिवस परगावी गेले आणि जाताना मला सांगून गेले की खोक्यांतले दगड धुऊन कपाटात लाव. मी धुतले. पण मामा, दगड ओला झाला की आतला रंग दिसतो, आणि वाळला की पुन्हा मेल्यासारखा होतो. ते मला बघवेना. शेजारच्या खोलीत घासायची चकती होती, बारीक पूड होती, पाणी होते. मी प्रत्येक दगडाची एक बाजू आरशासारखी केली. कोणती बाजू? अर्थात सर्वांत सपाट असेल ती. खडबडीत बाजूला चकती लावणारा कारागीर तुम्ही तरी कामावर ठेवाल का? आणि सरांनीही रंगाचा ठिपका द्यायला सर्वांत सपाट बाजूच निवडली होती. आम्हा दोघांच्या विचारांत एवढे साम्य असेल असे मला वाटले नव्हते.

सर आले. त्यांनी एक दगड उचलला, उलटा केला, दुसरा उचलला. मग रिकाम्या खोक्यावर बसले. "हे काय केलंस?" मी म्हणालो, "पॉलिश, सर." खरे सांगतो, आवाजात थोडा अभिमान होता. तो पुढच्याच क्षणाला उतरला. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, आता जिन्याला लावून टाका, आजोबा फिटिंगही करून देतील." कुणी हसले नाही, यावरून परिस्थिती ओळखावी. सर एवढेच बोलले, "तीन वर्षं रे." ओरडले असते तर बरे झाले असते. तुमच्या ओरडण्याची मला सवय आहे.

त्या दुपारी मी सामान बांधायला काढले होते. शर्टाच्या घड्या घालताना सुचले की एका ठोकळ्यातून निघालेल्या फरश्या आपण कशा लावतो? रेघेला रेघ मिळवून. तुम्ही माझ्याकडून हे इतक्यांदा उचकटून पुन्हा करून घेतले आहे की माझ्या बोटांना ते पाठ आहे. इथेही एका तुकड्याच्या डोक्यावरची रेघ पुढच्याच्या पायाशी असणार, आणि पॉलिशमुळे रेघा आता लख्ख दिसत होत्या! मी सरांची परवानगी घेतली (चप्पल दाराबाहेर काढून, जरूर नसताना) आणि व्हरांड्यात दगड मांडायला बसलो. तीन दिवस लागले. सर वहीतल्या नोंदींशी प्रत्येक थराची जाडी ताडून बघत, आधी खुर्चीवरून, मग माझ्याशेजारी जमिनीवर. एकदा मी म्हणालो की सतरावा वहीत उलटा काढला आहे, कारण जाड वाळू आधी बसते आणि बारीक नंतर, आणि इथे चित्रात नेमके उलटे आहे. सरांनी भिंग लावले. बराच वेळ लावले. मग वहीत खोडून म्हणाले, "दोरावर लटकून लिहिलं होतं, बाबा."

अखेर एकेचाळीस जुळले आणि एक उरला. तो काळा होता आणि कुठेच बसेना. सरांचे डोळे चमकले. त्यांनी आपल्याकडून सुटलेल्या एका नव्याच थराचे टिपण लिहायला घेतले. दीड पान झाले असेल, तेवढ्यात शिपाईकाका आले आणि विचारू लागले, "प्रयोगशाळेच्या दाराला लावायचा माझा धोंडा कुणी नेला? दार चार दिवस आपटतंय." (मोजून घासायला हवे होते. मान्य आहे.) सरांनी ते दीड पान फाडले आणि मग इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले.

हे सर्व असे आहे. प्रात्यक्षिक परीक्षा चांगली गेली. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. सोबत दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा अर्ज आहे. पालकाची सही जिथे हवी तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. सही करायलाच हवी असे नाही. पण मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

दुसरा ता. क. आमच्या यंत्रावर खडकाचे पातळ काप काढताना दहांतले सात तुटतात. सर म्हणाले, ज्यांनी तुला शिकवलं त्यांना एकदा यंत्राचं पातं बघायला बोलाव. मी होकार कळवून टाकला आहे. गुरुवारी सकाळी यावे. जिना चढावा लागत नाही, मी पाहून ठेवले आहे.

तिसरा ता. क. मामांनी तुला खुशीने पाठवले ना, असे सरांनी विचारले होते. मी "हो" म्हणालो. वर्षभरात त्यांच्याशी एवढे एकच खोटे बोललो आहे. गुरुवारच्या आत ते खरे करता आले तर पाहावे.